मिगला निरोप, आणि सोयीचा विसर

महोदय,

हवाई दलाच्या मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप देणारे तुमचे कालचे पानभर कौतुक वाचले. चंडीगडचा सोहळा, १९६३ पासूनची सेवा, १९७१ मध्ये ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवरचा मारा, सगळे आले. हेच विमान तुमच्याच पहिल्या पानावर वर्षानुवर्षे ‘उडती शवपेटी’ होते. रातोरात ‘आकाशाचा राजा’ झाले, अभिनंदन!

मिग बांधणाऱ्या ओझरच्या विमान कारखान्यात मी उभी हयात काढली. आमच्या थांब्याला कंडक्टर आजही ‘मिग’च म्हणतात. कुठे विमान पडले की लग्नाच्या पंगतीत कोणीतरी हमखास विचारायचे, “काय हो, तुमचं अजून एक पडलं म्हणे?” जणू आम्ही पडण्यासाठीच बांधत होतो. त्या दिवशी घास उतरायचा नाही, कारण कॉकपिटमध्ये पंचविशीतले पोर असायचे.

विमानाला दोष द्या, जरूर द्या. एकच इंजिन, उतरतानाही ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेग. पण किरणसारख्या संथ प्रशिक्षक विमानावर शिकलेली पोरे थेट मिगवर बसवली, ते कोणी? मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षक विमान घ्या, असे उड्डाण-सुरक्षेवरच्या ला फाँटेन समितीने १९८२ मध्येच सांगितले होते. तशा विमानाचा, हॉकचा, करार झाला २००४ मध्ये. बावीस वर्षे! तेवढ्या काळात कितीएक घरांत फोटोला हार चढले. या दिरंगाईवर कालच्या पानात एक ओळ नाही.

फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ च्या सप्टेंबरात सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात मिग कोसळून गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ या अपघातांचा जाब विचारत सरकारशी किती भांडल्या, हे मराठी वर्तमानपत्राने विसरावे? तेव्हा त्यांच्या मुलाखती तुम्हीच छापत होता.

प्रशिक्षक विमानाबद्दल मी त्याच सुमारास तुम्हाला पत्र लिहिले होते. छापलेत, आभारी आहे. मात्र फक्त पहिला परिच्छेद, ज्यात मी विमानाची तारीफ केली होती. पुढचे सगळे ‘जागेअभावी’ गेले. काल तर अख्खे पान मोकळे होते.

ता.क. : त्या पानावरचा मोठा फोटो मिग-२१चा नाही, मिराज या दुसऱ्याच लढाऊ विमानाचा आहे. मिगच्या नाकात मधोमध शंकू असतो आणि शेपटीला आडवे पंख असतात. मिराजला यातले काहीच नाही. ओझरचे शाळकरी पोरही सांगेल.

एक निवृत्त कामगार,
ओझर (ता. निफाड)