ट्रेनिंगचे दिवसही पगाराचेच

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी सेकंड शिफ्ट, माझी फर्स्ट. तू येतेस तेव्हा मी झोपलेली असते, म्हणून लिहून ठेवते. ट्रेनिंगचे पहिले वीस दिवस बिनपगारी, लाईनवर पक्की झालीस की पगार सुरू, आणि सहा महिन्यांच्या आत सोडलंस तर ट्रेनिंगचा खर्च शेवटच्या पगारातून कापणार, असं तू बाबांना सांगितलंस. वर "सगळ्यांनाच तसं आहे" असंही म्हणालीस. सगळ्यांना असेल, पण ते कायद्याला धरून नाही. सातपूरच्या टाइम ऑफिसात मी हजेरी आणि पगाराचंच काम करते, तेव्हा हे माझ्याकडून नीट समजून घे.

किती वाजता यायचं ते कंपनी ठरवते. पंच करायला लावते, मधे गेटबाहेर सोडत नाही, आणि शिकवते तेही स्वतःच्याच मशिनचं काम. मग तो वेळ कंपनीचा झाला आणि त्याचे पैसे कंपनीनेच द्यायचे. आमच्याकडे नव्या मुलींचे इंडक्शनचे दिवससुद्धा मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, 'पी' (हजर) म्हणूनच लागतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, म्हणजे पगाराचा नवा केंद्रीय कायदा, लागू झाली आहे. तिच्याप्रमाणे किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हावा लागतो. "तुम्ही अजून काम कुठे करताय, नुसत्या ऐकत बसलाय" असं कुणी म्हणेल. पण ज्याचं किमान वेतन रोजावर ठरलेलं आहे, त्याला मालकाने दिवसभर पुरेल एवढं काम दिलं नाही तरी त्या दिवसाचा पूर्ण रोज द्यावा लागतो. आणि तू तर चौथ्या दिवसापासून क्रिंपिंगला, वायरीच्या टोकांना प्रेसवर जोड दाबून बसवायला, उभी आहेस. तू जोडलेल्या वायरी माल म्हणून बाहेर जातायत.

दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1982 सालीच सांगून ठेवलंय, की किमान वेतनाहून कमी पैशांत राबवून घेणं म्हणजे घटनेच्या 23 व्या कलमाने बंद केलेली वेठबिगारीच.

अप्रेंटिसची गोष्ट वेगळी. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेतलं असेल तर तो कामगार धरला जात नाही. पण त्यासाठी करार लागतो, त्याची सरकारकडे नोंदणी लागते आणि महिन्याला ठरलेला स्टायपेंड द्यावाच लागतो. नुसतं 'ट्रेनी' म्हटल्याने कुणी अप्रेंटिस होत नाही. तुझ्या नियुक्तीपत्रात असा करार, असा नोंदणीचा नंबर कुठे आहे का ते बघ.

मला खरी काळजी पगाराच्याही आधी दुसऱ्या गोष्टीची आहे. मस्टरवर नाव नसेल तर ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यालाही, नाव नसणार. एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्याचे पाऊण टक्के कापतात, सव्वातीन टक्के कंपनी भरते, आणि त्यावर दवाखाना, अपघातातली भरपाई, सगळं मिळतं. सिडकोत आपल्या मागच्या गल्लीतल्या मुलीचं बोट अशाच क्रिंपिंग प्रेसमध्ये सापडलं. हात आत जाऊ नये म्हणून असतो तो गार्ड काढून ठेवलेला होता, टार्गेट लवकर व्हावं म्हणून. सुपरवायझरने रुमाल गुंडाळला आणि रिक्षाने खासगी दवाखान्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी तिची आई गेटवर गेली तर उत्तर मिळालं, "ती आमच्याकडे नाही, ट्रेनिंगला आली होती." पंच नाही, पगाराची पावती नाही, विमा क्रमांक नाही. ती त्या जागी कामावर होती हेच सिद्ध करता करता घर टेकीला आलं. म्हणून म्हणते, आधी तुझा ईएसआयचा नंबर माग. आणि गार्ड काढलेल्या मशिनवर हात घालू नकोस, कुणीही सांगितलं तरी.

खर्च कापण्याबद्दल. पगारातून काय काय कापता येतं त्याची कायद्यात यादी आहे. गैरहजेरी, उचल, पीएफ, टॅक्स असं त्यात आहे, ट्रेनिंगचा खर्च नाही. मुदतीआधी सोडलं तर पैसे भरीन असं लिहून घेतात तो बाँड; ते मात्र सगळेच रद्दबातल असतात असं समजू नकोस; 2025 मध्ये एका बँकेचा बाँड सुप्रीम कोर्टाने मान्य केलाय. पण कंपनीला बाँडचं भांडायचं असेल तर रीतसर भांडावं, परस्पर पगाराला हात लावता येत नाही. नोकरी सोडली तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब करून द्यायचा असतो.

आता एवढं कर. ट्रेनिंगचं वेळापत्रक आलेला व्हॉट्सअॅप मेसेज, गेटपास, सगळ्याचे फोटो काढून मला पाठव. रोजची आत-बाहेरची वेळ वहीत मांड. कोऱ्या किंवा मागची तारीख टाकलेल्या कागदावर सही करू नकोस. तुझ्याबरोबरच्या मुलींना विचार आणि सगळ्यांच्या नावाने एचआरला साधा मेल टाका: ट्रेनिंगच्या दिवसांचं वेतन आणि हजेरी कशी धरली आहे ते लेखी कळवा. भांडणाची भाषा नको, एकटीने तर मुळीच नको. उत्तर आलं नाही तर कामगार उपायुक्तांच्या ऑफिसात अर्ज करू. दावा करायला तीन वर्षांची मुदत असते, आणि पैसे दिले हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर असते.

नोकरी जाईल ही भीती मला कळते. घराचा हप्ता आपण माझ्या पगारात सांभाळू, त्याचं ओझं तू घेऊ नकोस. नियुक्तीपत्र फ्रिजवर काढून ठेव. सकाळी निघण्याआधी वाचते आणि मेलचा मसुदा तिथेच लिहून ठेवते.

तुझी,
आई