वाढे फुकटचे नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूधदरावर आपल्या पत्रात नेहमी लिहून येते, यायलाच हवे. पण लिटरमागचा निम्म्याहून जास्त खर्च वैरण आणि पेंडीवर होतो, त्या गव्हाणीबद्दल फारसे कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या वाळवा तालुक्यात ऊसतोड सुरू झाली की गोठ्यागोठ्यात वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, बिंडे येऊन पडतात. फुकट नाहीतर थोडक्या पैशात मिळतात, मग वेगळी वैरण करायची कशाला, असे आम्हीही म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत तिसऱ्या वेताची गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बसली ती उठेना. मान पोटाकडे वळवलेली, कान गारठलेले. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिले. बाटली संपत आली तशी तिने ढेकर दिली, शेण टाकले आणि थोड्या वेळाने धडपडत उभी राहिली. डॉक्टरांनी गव्हाणीत हात घातला, तर नुसते वाढे. वाढ्यातले ऑक्झलेट पोटात कॅल्शियमला धरते आणि ते शेणावाटे निघून जाते, हे मला तेव्हा कळले. गाभण गाईला तीन-तीन महिने आम्ही तेच घालत होतो.

त्या पावसाळ्यात २० गुंठे ऊस मोडला. पाच गाईंसाठी १० गुंठ्यांत फुले जयवंत या संकरित नेपियर गवताचे ठोंब लावले आणि थंडी पडल्यावर उरलेल्या १० गुंठ्यांत लसूणघास पेरला. घासाची पहिली कापणी ५०-५५ दिवसांनी, पुढे महिन्याच्या आत. नुसता ओला घास कधी घालत नाही, पोट फुगते. कडब्याच्या कुट्टीत मिसळूनच घालते. जयवंतही कोवळा असताना कापायचा नाही, कारण ऑक्झलेट त्यातही असतेच. कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी करणाऱ्यांनी तर ती फुलोऱ्यात येईपर्यंत विळा लावू नये. कोवळ्या, त्यातही पाण्याचा ताण बसलेल्या कडवळाने उभे जनावर दगावते.

उन्हाळ्यासाठी मका विकत घेऊन मुरघास करते. कणीस चिकात असताना कापायचे, बारीक कुट्टी करायची आणि पिशवीत थराथराने पायाने तुडवायची. खरे काम तुडवण्याचे आहे. हवा राहिली की बुरशी आलीच. ४५ दिवसांनी पिशवी उघडली की आंबूस-गोड वास येतो आणि गाई दावे ताणायला लागतात.

वाढे पूर्ण बंद करा, असे मी म्हणत नाही. आम्हीही थोडे घालतो, चुन्याची निवळी शिंपडून आणि खनिज मिश्रण देऊन. पण दूध संस्थांना माझी विनंती आहे. संस्थेत पेंडीची पोती उधारीवर मिळतात, तसे घासाचे बी आणि जयवंतचे ठोंबही मिळू द्या. आमच्या बांधावर ठोंब भरपूर आहेत, गावातल्या कुणीही येऊन न्यावेत.

आपली,
एक दूध उत्पादक शेतकरी,
ता. वाळवा, जि. सांगली