बॉनेटला आधी हात लाव

सांगली,
गुरुवार रात्र

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी फोनवर, तू घ्यायची म्हणतेस त्या जुन्या स्कोडा सुपर्बला मी भंगार म्हणालो, ते चुकलंच. तू फोन ठेवलास, तेही बरोबर. नंतर तू पाठवलेला व्हिडिओ दहा-बारा वेळा पाहिला. विकणारा 'कोल्ड स्टार्ट', म्हणजे गार इंजिन सुरू करतोय, असं म्हणतो आणि इंजिन खरंच गुपचूप सुरू होतं. पण कॅमेरा क्षणभर मीटरवर जातो तेव्हा टेंपरेचरचा काटा मधोमध, 90 वर उभा आहे. गाडी आधीच तापवून ठेवलेली. माणूस लबाडच असेल असं नाही, पण या इंजिनाची खरी कुंडली गार असतानाच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत कळते आणि नेमके तेच तुला ऐकवलेले नाहीत.

तेव्हा त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेव, मी येईपर्यंत चावी लावू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेव. कोमट लागलं तर चहा घेऊन परत ये. गार असेल तर स्वतः सुरू कर, काच खाली घेऊन. डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट आला आणि दोन सेकंदांत विरला, तर तो टायमिंग चेनचा, म्हणजे व्हॉल्व आणि पिस्टन एका तालात ठेवणाऱ्या साखळीचा.

2012 ची सुपर्ब, 1.8 टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल, आणि तीही हाताने गिअर टाकायची. अशी गाडी शोधून सापडत नाही, बहुतेकांनी डिझेल नाहीतर ऑटोमॅटिक घेतली. तू ऑटोमॅटिक टाळलीस हे पाहून बरं वाटलं (आईला दोनदा सांगितलं). त्या सात गिअरच्या डीएसजीत (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच तो) ड्राय क्लच, म्हणजे ऑइलात न बुडालेला क्लच असतो, बेंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये तो तापतो, धक्के देतो आणि गिअर बदलणारं त्याचं यंत्र, मेकॅट्रॉनिक, गेलं की खिसा रिकामा. तुझ्या गाडीत फक्त फ्लायव्हील बघ, इंजिन आणि क्लचच्या मधलं जड चाक. न्यूट्रलला खडखड येते आणि क्लच दाबला की थांबते, असं असेल तर ते दोन थरांचं (ड्युअल मास) फ्लायव्हील आणि क्लच दोन्ही खर्चात धर. इंजिन मात्र देखणं आहे. 160 पीएस, 250 न्यूटन-मीटर आणि ते 1500 आरपीएमलाच हजर. टर्बो लहान आहे, म्हणून वाट बघायला लावत नाही.

आता चेन. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिन बंद झालं की दाब जातो, मग दट्ट्या मागे सरू नये म्हणून आत खाचा आणि एक क्लिप असते. जुन्या डिझाइनच्या टेन्शनरमध्ये ती क्लिप दगा देते. चेन सैल पडते, स्टार्टर मारताना दात चुकवते आणि व्हॉल्व पिस्टनवर आदळतात. पुढे हेड उतरवणं आलं. पुढे सुधारित टेन्शनर आला, पण 2012 च्या गाडीत कोणता आहे ते उघडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. टायमिंगच्या खालच्या कव्हरला रबरी बूच असतं. ते काढून छोटा कॅमेरा घाल म्हणावं मेकॅनिकला. नवा टेन्शनर असेल तर दट्ट्याच्या किती खाचा बाहेर आल्यात ते मोजा. सहापेक्षा जास्त असतील तर चेन ताणलीय. 'चेन बदलली आहे' या तोंडी शब्दावर जाऊ नकोस, बिल माग. बिलात चेन, टेन्शनर आणि गाईड (चेन ज्यावरून सरकते त्या पट्ट्या) तिन्ही हवेत.

दुसरं दुखणं ऑइलचं. पिस्टनच्या ऑइल रिंगा बारीक आहेत, परतीची भोकं कार्बनने बुजतात आणि ऑइल जळतं. सायलेन्सरच्या नळीत बोट घाल. काजळी कोरडी असेल तर ठीक, चिकट असेल तर प्लग काढून बघायला सांग. डिपस्टिकच्या खालच्या खुणेपासून वरच्यापर्यंत साधारण एक लिटर बसतं. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत कंपनी चालवून घेते, त्यापुढे पिस्टन-रिंग बदलण्याची तयारी ठेवायची. मात्र आधी इंजिन चालू असताना ऑइलची कॅप उघडून बघ. ती घट्ट ओढली जात असेल, शिट्टी येत असेल, तर पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या व्हॉल्वचा, पडदा फाटलाय. ते स्वस्तातलं काम आहे, कधी कधी निम्मं ऑइल त्यातूनच जातं. इनटेकखाली वॉटर पंपाचं प्लास्टिकचं घर आहे, तिथे गुलाबी पापुद्रा दिसला तर कूलंट झिरपतंय.

कारखाना वाटतोय ना हे पत्र? सात वर्षांची होतीस तेव्हा गॅरेजात रॉकेलच्या परातीपाशी उकिडवी बसायचीस, धुतलेले बोल्ट 'पुढारी'वर उंचीप्रमाणे लावत. तेराचा पाना म्हटलं की न बघता तेराचाच यायचा हातात. एकदाही चौदाचा नाही. शनिवारी मी हे विसरलो.

आणि चेनचं म्हणशील तर, परत काढणार नव्हतो, पण ती चालत्या गाडीत सहसा जात नाही. सुरू करतानाच जाते. म्हणजे जाईल तर तुझ्या पार्किंगमध्ये, चित्रदुर्गच्या अलीकडे काळोखात नव्हे. हे मला ठाऊक आहे आणि तरी व्हिडिओ बघताना मला तो काळोखच दिसतो. अजितकाकाचा विषय काढणार नाही असं आईला कबूल केलंय. पण सांगलीला येताना रात्री निघू नकोस. पहाटे पाचला निघ, हावेरीला जेव. हे उपदेशासारखं झालं, माफ कर.

आरसीची 15 वर्षं 2027 मध्ये भरतात, तेव्हा किंमत ठरवताना तेही धर. चेनचं बिल नसेल तर त्या कामाचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करायला लाव. ऐकत नसेल तर सोड. बिल असेल, गाडी गार असेल आणि आवाज नसेल, तर घे. मला विचारायची गरज नाही.

मागच्या डाव्या दारात छत्रीची खोबण असते. छत्री आहे का बघ, बहुतेकांनी हरवलेली असते.

तुझा,
पप्पा

ता. क. उतारावर नुसती गिअरमध्ये टाकून उभी करू नकोस. गाडी मागे ओढली गेली की इंजिन उलटं फिरतं आणि सैल चेन तिथेच दात सोडते. आधी हँडब्रेक, मग गिअर. आणि सुरू केल्यावर तो आवाज रेकॉर्ड करून पाठव, कितीही वाजले असले तरी.