पिंट्या, गाळा घेण्याआधी

श्टुटगार्ट

प्रिय पिंट्यास,
अनेक आशीर्वाद.

अण्णा फोनवर म्हणाले, पुण्याची नोकरी सोडून तू दोन मित्रांबरोबर कोल्हापुरात, उद्यमनगरात गाळा बघतोयस. फाउंड्रीतल्या वाळूचा ओलावा मोजणारं यंत्र करायचं, हे मला मनापासून पटलं. ओलावा जास्त झाला की वाफ अडकून कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे आत पोकळ भोकं, पडतात, हे आपल्या घरात पोराटोरांनाही माहीत आहे. शिरोली, गोकुळ शिरगावचं गिऱ्हाईक तर दारातच. त्यामुळं धंद्याबद्दल मी काही लिहीत नाही. लिहायचंय ते त्या दोघांबद्दल आणि पुढं तुझ्या शब्दावर जे येतील त्यांच्याबद्दल.

शेअरचा कागद आत्ताच करा, तिघं खुशीत आहात तोवर. वाटा चार वर्षांत थोडा थोडा पदरात पडावा आणि वर्षाच्या आत सोडून जाणाऱ्याला काही मिळू नये, अशी रीत बहुतेक ठिकाणी आहे. तीच अट तुलाही असू दे. दोस्तीत कागद कशाला, असं आई म्हणेल. पण कुणाचं लग्न ठरतं, कुणाच्या घरी आजारपण येतं, माणूस निघून जातो आणि राहिलेले दोघं राबतात. मग दोस्तीही जाते.

आता पैशाचं. इथं जर्मनीत जीएमबीएच, म्हणजे आपली प्रायव्हेट लिमिटेड म्हण, काढायला 25,000 युरो भांडवल लागतं. त्यातलं निम्मं नोंदणीआधी भरायचं, आणि नोटरी सगळा करार मोठ्यानं वाचून दाखवतो. आपल्याकडं 2015 पासून किमान भांडवलाची अट नाही, दोन भागधारक आणि दोन संचालक असले की झालं. सुरुवात सोपी आहे, म्हणून शिस्त तुझी तुलाच लावावी लागेल. इथला एक कायदा मला फार योग्य वाटतो. देणी भागवता येईनात, तर संचालकानं जास्तीत जास्त तीन आठवड्यांत कोर्टात अर्ज करायलाच हवा. पगारातून विम्यासाठी कापलेला कामगाराचा हिस्सा भरला नाही, तर तो फौजदारी गुन्हा.

कायदा एवढंच बघतो. माझ्या कंपनीत आम्ही दर महिन्याला सगळे एकत्र बसतो आणि बँकेत किती आहेत, किती महिने पुरतील, ते मी फळ्यावर लिहिते. कालच लागलेली मुलगीसुद्धा ते बघते. मध्ये एका मोठ्या गिऱ्हाइकानं बिल थकवलं आणि चार महिन्यांपुरतेच पैसे उरले, तेव्हा तेही लिहिलं. एकाच्या घरी तान्हं बाळ होतं, त्यानं दुसरी नोकरी धरली. मी त्याला शिफारसपत्र दिलं, आजही तो आमच्याकडं येतो. बाकीच्यांनी बसून कुठलं काम आत्ता नको ते स्वतःच ठरवलं. त्या दिवसांत त्यांनी जो विचार केला, तो माझ्या एकटीच्या डोक्यातून निघाला नसता. माणूस पैशाच्या टंचाईला घाबरतो त्यापेक्षा जास्त तो आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय याला घाबरतो. म्हणून लपवू नकोस. आणि पगार आधी त्यांचा, मग तुझा.

ज्यांना लोक अस्पृश्य मानायचे त्या गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी हॉटेल काढायला मदत केली, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गाडी थांबवून स्वतः तिथला चहा प्यायचे, सगळ्या गावासमोर. त्या कामापुढं आपलं काम फार लहान आहे. तरी तुझ्या हाताखालच्या पोरावर गिऱ्हाईक ओरडेल, तेव्हा फाउंड्रीत त्याच्या शेजारी जाऊन उभा राहा. काय चुकलं ते नंतर आपल्या गाळ्यात बोला.

कागदाचा मसुदा झाला की सही करण्याआधी मला पाठव. वकील तिघांचा मिळून एकच नको, त्या दोघांनाही आपापल्या माणसाला दाखवू दे. रविवारी फोन कर, त्या दोघांनाही बोलायला बसव. अण्णा-आईला नमस्कार.

तुझी,
आक्का