वळसा एका केबलचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणक नेटवर्कचे फायदे-तोटे म्हटले की दोन रकाने ठरलेले असतात. एकीकडे सामाईक प्रिंटर आणि झटपट निरोप, दुसरीकडे व्हायरस आणि हॅकिंग. कार्यालयांमधली नेटवर्क सांभाळण्यात माझी बरीच वर्षे गेली, पण हे रकाने मला कधी वेगळे करता आले नाहीत.

एका कार्यालयात भर सकाळी सगळेच ठप्प झाले. फाइल उघडेना, प्रिंट निघेना, टेबलावरचे फोनही मुके. स्विचचे, म्हणजे सगळ्यांच्या केबली जिथे एकत्र येतात त्या डबीचे, सगळे दिवे एकदमच वेड्यासारखे लुकलुकत होते. दोन तासांनी कारण सापडले. टेबल सरकवताना लोंबकळणारी केबल दिसली, म्हणून कुणीतरी तिचे टोक जवळच्या छोट्या स्विचमध्ये खोचले होते. दुसरे टोक आधीपासून त्याच स्विचमध्ये होते. झाला वळसा!

आपण नवा लॅपटॉप जोडतो आणि तो लगेच चालू लागतो, ते तो सगळ्या नेटवर्कला उद्देशून ‘मला पत्ता द्या’ अशी हाळी देतो म्हणून. त्या दिवशी अशाच हाळ्या वळशात अडकल्या. इथरनेटच्या, म्हणजे अशा केबलच्या नेटवर्कवरच्या, निरोपाला मुदत नसते, तो आपणहून विरत नाही. प्रत्येक फेरीत तो स्विचच्या सगळ्या पोर्टांतून (केबल खोचायच्या खाचांतून) पुन्हा बाहेर पडत राहिला आणि खऱ्या कामाला वाटच उरली नाही. चांगला स्विच असा वळसा ओळखून पोर्ट बंद करतो. स्वस्तातला करत नाही, आणि खरेदी बहुधा त्याचीच होते.

ज्या वाटेने सोय येते त्याच वाटेने बिघाडही पसरतो, हे मोठ्या प्रमाणावर १९ जुलै २०२४ला दिसले. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचे सदोष अपडेट जेमतेम सव्वा तास उपलब्ध होते. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. बिघाड पोहोचला नेटवर्कवरून, दुरुस्तीसाठी मात्र बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापाशी जाऊन बसावे लागले, कारण जे यंत्र सुरूच होत नाही त्याला नेटवर्कवरून काय सांगणार?

तरी नेटवर्क नको, असे मी म्हणणार नाही. पेन ड्राइव्ह घेऊन मजले चढण्याचे दिवस मी पाहिले आहेत, आणि एकाच फाइलच्या चार वेगवेगळ्या ‘अंतिम’ प्रतीही. माझी तक्रार तयारीबद्दल आहे. बॅकअपची डिस्क चोवीस तास त्याच नेटवर्कला जोडलेली असते, म्हणजे खंडणीखोर व्हायरस आला की मूळ फायलींबरोबर प्रतही कुलूपबंद. इंटरनेटची दुसरी लाइन घेतात, ती पहिलीच्याच पाइपातून आत येते. खोदकामात दोन्ही एकदम तुटतात. वर्षातून एकदा तासभर मुद्दाम नेटवर्क बंद करून काम कसे चालते ते पाहा, असे सुचवले तर लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात.

वर सांगितलेल्या कार्यालयात त्या दोन तासांत एकच खिडकी चालू होती. तिथल्या बाईंनी खणातून कार्बनचे पावती पुस्तक काढले आणि रांग पुढे सरकवली. पुढच्या आवराआवरीत ते पुस्तक जुन्या सामानाबरोबर रद्दीत गेले.

आपला,
एक वाचक