रविवारच्या सभेची सूचना : विकास आराखडा समजून घेऊ

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता क्लबच्या सभागृहात आपले नगररचनाकार सभासद शहराचा विकास आराखडा कसा वाचायचा, ते सांगणार आहेत. झाडे लावण्याआधी ती जागा कशासाठी राखीव आहे, हे पाहायलाच हवे. 1966 च्या नगररचना अधिनियमातील कलम 127 नीट समजून घ्या : अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत राखीव जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, पुढच्या 24 महिन्यांतही संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपते. मुलांची मैदाने अशीच हातची जातात.

आपल्या वॉर्डातल्या मोकळ्या जागांचे सर्व्हे नंबर जरूर आणा. स्वतःच्या बांधकाम परवानगीचे प्रश्न मात्र त्यांना विचारू नयेत, ही कळकळीची विनंती.

– सचिव