रस्त्यावरचे पाणी आणि कोहो सॅमन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या क्लॅमथ नदीवरची चार धरणे पाडली आणि समुद्रातून नदीत अंडी घालायला येणाऱ्या सॅमन माशांपैकी चिनूक जातीचे मासे २०२४ च्या ऑक्टोबरातच ओरेगॉन राज्यापर्यंत चढून आले, ही आपल्या अंकातली बातमी वाचून फार आनंद झाला. शंभराहून अधिक वर्षांनी मासे तिथे पोहोचले. तिथल्या मूळ जमातींनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला आहे. पण धरण गेले म्हणजे नदी सुटली, असा बातमीचा सूर होता. धरणे नसलेल्या ओढ्यांतही रस्त्यावरून वाहून येणारे पाणी सॅमन मारते, त्याबद्दल थोडे लिहिते.

मी सिएटलमध्ये राहते आणि दर शरदात शहराच्या पश्चिम भागातल्या लाँगफेलो ओढ्यावर मेलेले मासे मोजायला जाते. गेल्या खेपेस पहिला जोराचा पाऊस पडून गेला होता. काठालगतच्या उथळ पाण्यात कोहो जातीच्या सॅमनची एक मादी गोल गोल फिरत होती. तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करायची, पुन्हा भोवंडायची. थोड्या वेळाने ती कुशीवर कलंडली. मेल्यावर नोंदीसाठी पोट चिरले. आत मटाराएवढी नारिंगी अंडी, एकही घातलेले नाही. दीड वर्ष समुद्रात काढून ती ज्या कामासाठी परत आली होती, ते राहूनच गेले. काही वर्षी बहुतेक माद्या अशाच सापडतात.

याचे कारण २०२० मध्ये उलगडले. ओझोनमुळे टायरच्या रबराला भेगा पडू नयेत म्हणून त्यात सिक्स-पीपीडी नावाचे रसायन घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचे दुसरेच द्रव्य बनते, झिजलेल्या रबराच्या भुकटीबरोबर ते रस्त्यावर साचते आणि पावसात ओढ्यात उतरते. कोहो काही तासांत मरतात. त्याच पाण्यात चम जातीचे सॅमन मात्र तगतात. म्हणून ओढ्यात मासे दिसतात तेव्हा पाणी ठीक आहे, असे कुणी म्हणू नये.

उपाय अवघड नाही. हेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून सोडले, तर त्यात कोहो जगतात, हे प्रयोगांत दिसले आहे. आमच्या वस्तीजवळ पार्किंगची जागा वाढवली तेव्हा पाणी असे गाळणारे खड्डे करा, अशी विनंती आम्ही काही जणांनी केली होती. जागा नाही, असे उत्तर आले. नंतर पाहिले तर दोन्ही कडांना शोभेची हिरवळ लावलेली, तीही डांबरापेक्षा वीतभर उंच! पाणी तिच्यात शिरणार कसे? ते सरळ जाळीतून ओढ्यात जाते.

तीन जमातींनी केलेल्या अर्जावर नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या रसायनावर नियम करण्याचा विचार मान्य केला. पण टायर सुरक्षित ठेवणारा दुसरा पदार्थ सापडून तो रस्त्यावर यायला वेळ लागणार. तोवर पाणी मातीतून गाळण्याशिवाय गत्यंतर नाही.

वॉशिंग्टन आणि ओरेगॉनमध्ये आपले पुष्कळ वाचक आहेत. गल्लीत नवा रस्ता किंवा पार्किंग होत असेल, तर त्यांनी नगरसभेत एवढेच विचारावे: हे पाणी मातीतून जाणार की थेट ओढ्यात? मोठा पाऊस ऑक्टोबरात येतो आणि कोहो त्याच्यामागोमाग.

आपली नम्र,
एक वाचक, सिएटल